बिनभिंतीची चौकट

१

मला एसटीत बसलं की झोप लागते. फौजेत उभं आयुष्य पहाऱ्यावर जागून काढलं, त्याची भरपाई मी आता खिडकीशेजारी बसून करतो. माझ्या झोपेत घरं येतात. दिवसभर लोकांची अर्धी घरं बघायची, मग डोळा लागला की ती पुरी होतात. भिंती चढतात, पत्रे पडतात, आत कुणीतरी दिवा लावतं. त्यामुळे कुणी जागं केलं की मला थोडा रागच येतो.

सुभेदार म्हणून निवृत्त झाल्यावर मला सैनिकांच्या घरकर्जाची पाहणी करायचं काम मिळालं. शिपाई तिकडं सीमेवर, नाहीतर त्या वर्षी शांतिसेनेत, लंकेत. घर इकडं त्याच्या बायकोनं बांधायचं. कर्ज एकदम हातात मिळत नसे. जोतं भरून त्यावर दाराची सागवानी चौकट उभी राहिली, की मी जाऊन ती डोळ्यांनी बघायची आणि तसं लिहून द्यायचं, मग पुढचा हप्ता सुटायचा. एकोणनव्वद सालच्या जानेवारीत वरून हुकूम आला, की महिनाअखेरपर्यंत ज्यांची चौकट दिसणार नाही त्यांची मंजुरी रद्द. आणि मी निघालो तो महिन्याचा शेवटचा दिवस होता.

दोनच घरं राहिली होती. झरीच्या पुढं सालेवाडी लागते, तिथं तानुबाईचं घर सकाळी बघायचं. मग ओढा ओलांडून उंबरटेकला मनकर्णाबाईचं घर दिवस मावळायच्या आत बघायचं. दोघींचे नवरे सिग्नलच्या एकाच कंपनीत, एकाच वेळी लंकेत गेलेले. तसा निरोप मी दोन्हीकडं धाडला होता.

पण झरी गेली, ज्वारीवर धुकं दिसायला लागलं आणि माझे डोळे मिटले. सालेवाडी कधी आली आणि कधी गेली, देवाला माहीत.

"उतरा बापू," कुणीतरी खांदा हलवत होतं. "शेवटचं गाव आलंय. गाडी आता माघारी फिरती."

उठवणारी म्हातारी स्वतःच मनकर्णाबाईची सासू निघाली. पार्वतीबाई. मानवतला लेकीकडं, झुंबरबाईकडं, आठवडाभर राहायला म्हणून गेलेली आणि मधूनच परत निघालेली.

"करमंना तिथं," ती चालता चालता सांगत होती. "लेकीनं लय केलं, पर डोळा लागला की नवं दारच दिसायचं. भिंती न्हाईत अजून, पत्रा न्हाई, तरी मी सांजच्याला त्या दारात जाऊन बसते. समदं गाव हासतंय. हासू द्या."

मला ती म्हातारी फार आवडली. माझ्यासारखंच तिलाही झोपेत घर दिसत होतं.

धुक्यातून आम्ही जागेवर आलो. जोतं होतं, पाणी मारून ओलं ठेवलेलं. त्याच्यावर चौकट नव्हती.

२

पार्वतीबाई ओरडली नाही. ती जोत्यावर चढली, जिथं उंबरा असायला हवा तिथं गेली आणि हवेत हात फिरवून बघितला. मग मटकन खाली बसली.

"न्हेली," ती म्हणाली. "माज्या लेकाचं दार न्हेलं कुनी तरी."

कोपऱ्यात सिमेंटची पोती होती, पत्रे होते, सळया होत्या. त्यांना कुणी हातही लावला नव्हता. एवढा माल सोडून चौकट तेवढी उचलणारा चोर मी आजवर बघितला नव्हता.

तेवढ्यात मनकर्णाबाई घागर घेऊन आली. तिशीची, काटक बाई. सासूला बघून तिचा चेहरा उतरला, आणि मला बघून अगदीच पांढरा पडला.

"आत्याबाई, तुमी परवा येनार व्हत्या न्हवं?"

"म्या कवा यायचं ते राहू दे. दार कुटं गेलं, ते सांग."

मनकर्णा घागर खाली ठेवून माझ्याकडं वळली आणि हळूच म्हणाली, "सुभेदारसायेब, तुमी आदी सालेवाडीला जाऊन या. तानुबाई वाट बघत आसंल. आमच्याकडं सांजच्याला या, ठरल्यापरमानं."

हे मला खटकलं. जिचं दार गेलं ती बाई पाय धरून म्हणेल, साहेब, थांबा, शोधा. ही मला वाटेला लावत होती.

गलका ऐकून शेजारच्या अंगणातून आबासाहेब आले. पार्वतीबाईच्या दिराचा मुलगा. पिळदार माणूस, तोंडात तंबाखू. नव्या घराचं दार आपल्या गल्लीत उघडतंय म्हणून ते महिनाभर भांडत होते, हे म्हातारीनं मला वाटेतच सांगून टाकलं होतं.

"यात शोदायचं काय?" ते म्हणाले. "वड्यापल्याड वस्ती हाय न्हवं. पोरं गोळा करतो आन् घराघरांत बगतो."

विद्यापीठाच्या नावावरून मराठवाड्यात माणसं एकमेकांकडं तिरकं बघायला शिकल्याला दहा वर्षं झाली होती, आणि अजून कुणी विसरलं नव्हतं. एका गावची हरवलेली शेळी दुसऱ्या वस्तीच्या झडतीला पुरायची. आणि झडती कुठं जाऊन थांबेल ते कुणाच्या हातात नसायचं. तानुबाई त्याच वस्तीतली. तिचा नवरा आणि मनकर्णाचा नवरा मुंजाजी लंकेत एकाच तंबूत झोपत होते, आणि इकडं हे.

मी बोलण्याआधीच मनकर्णाच्या पायाला लागून घागर लवंडली.

"आबासाहेब," मी म्हणालो, "ऊन डोक्यावर येईपर्यंत थांबा. चौकट मी शोधतो. नाही सापडली तर मी स्वतः ठाण्यात जाईन. पण तोवर ओढा कुणी ओलांडायचा नाही."

"आन् तुमाला बी न्हाई सापडली तर?"

"तर या घराचं कर्ज बुडेल. तुम्हाला तर बरंच वाटेल."

ते रागानं बघत राहिले, पण थांबले. माणूस ओरडून बोलला तरी ऐकतो कुणाचं, हे कळायला फौजेत फार वेळ लागत नाही.

३

सगळे बाजूला झाल्यावर मी जोत्यावर एकटा बसलो. धुकं अजून विरळ झालं नव्हतं. जागेपणी आणि झोपेत मला सारखंच दिसावं अशी ती वेळ होती. डोळे किलकिले केले की चौकट असलेली दिसायची, उघडले की गेलेली.

चौकटीचे पाय रोवायचे खड्डे दोन्ही रिकामे होते, पण त्यांच्यावर फरशीचे तुकडे नीट झाकलेले होते. रात्री वासराचा पाय जाऊ नये म्हणून घरचं माणूस झाकतं तसे. टेकू दिलेले वासे एकाशेजारी एक, सरळ रचलेले. त्यांच्यावर तांबड्या फडक्याचं गाठोडं होतं. चौकट बसवताना माथ्यावर बांधतात तेच. नारळ, सुपारी, हळकुंड, सगळं जागच्या जागी. गाठ कापलेली नव्हती, बोटांनी सोडवलेली होती. आणि वाशांच्या मागं एक ओलं फडकं पिळून वाळत घातलेलं सापडलं. त्याला कुंकवाचे डाग होते.

मी आधी आबासाहेबांकडं गेलो. ते गोठ्यात होते. सरळ विचारलं, तर सरळ उत्तर आलं.

"भांडलो. पुढं बी भांडीन. पर त्या चौकटीला माज्या बायकूनं ववाळलंय. कुंकू लागलेल्या लाकडाला वंगाळ हात लावायला म्या काय येडा हाय का?"

मला ते पटलं. हा माणूस रागात चौकट फोडून टाकेल एक वेळ, पण तिच्यावरचं कुंकू ओल्या फडक्यानं हळुवार पुसणार नाही.

मग सुताराकडं. राधाकिशन सुतार गावाच्या टोकाला राहायचा. चिंचेखाली बसून तो तिफणीचा दांडा तासत होता. त्याच्या बैलगाडीच्या चाकांना ओला गाळ लागला होता. पाऊस जाऊन महिने लोटलेले, गावात सगळीकडं धुरळा. गाळ असलाच तर ओढ्यात.

"तुमची चौकट चोरीला गेली," मी म्हणालो.

"ऐकलं," तो म्हणाला. तासणं चालूच.

"वाईट वाटलं नाही?"

"वाटलं की."

"यंदा किती चौकटी केल्या तुम्ही?"

तासणी थांबली. "दोन. ही एक. आन् एक सालेवाडीला, तानुबाईची. पावसाळ्याच्या आदी."

"म्हणजे तानुबाईची चौकट तिथं उभी असेल."

राधाकिशननं माझ्याकडं बघितलं, मग दांड्याकडं.

"ती कामाला आली," शेवटी म्हणाला.

"चौकट दाराशिवाय कशाच्या कामाला येते?"

"ते मला नका इचारू, सायेब. म्या माज्या हातानं केली आन् माज्याच हातानं फोडली. एवढंच सांगतो. बाकीचं मनकर्णाबाईला इचारा."

४

मी मनकर्णाबाईला म्हणालो, "चला, सालेवाडीला जाऊ. तुम्हीच म्हणत होता ना."

आम्ही शेतांच्या बांधानं निघालो. ज्वारी हुरड्यात आलेली, धुक्यात कणसं तेवढी वर दिसत होती. ती पुढं, मी मागं. ओढा घोट्याएवढाच होता. तिथं ती थांबली.

"तुमाला कळलंय," ती म्हणाली.

"अर्धं कळलंय. चौकट कुणी चोरली नाही. तुम्ही दिली. ज्याला परत आणायची असते तोच खड्डे झाकतो आणि टेकू रचून ठेवतो. नारळाचं गाठोडं सोडून ठेवलं, कुंकू पुसलं, म्हणजे चौकट अशा घरी गेली, की जिथं हे चालत नाही. बौद्धांच्या घरी. तुम्ही तुमच्या पूजेचा मान राखला आणि त्यांच्या घराचाही. नेली राधाकिशननं, गाडीत घालून, ओढ्यातून. मी सकाळी सालेवाडीला चौकट बघायची, मग ती उलट्या वाटेनं इकडं यायची, आणि संध्याकाळी तीच मी उंबरटेकला बघायची. सासूबाई मानवतला होत्या. सगळं जमलं असतं."

"जमलं आसतं," ती म्हणाली. "तुमी झोपला नसता तर."

मला हसू आलं, पण तिच्याकडं बघून ते आतच राहिलं.

"अर्धं कळलं नाही ते हे," मी म्हणालो. "तानुबाईची चौकट का फोडली?"

तिनं पाण्यात पाय घातला आणि चालू लागली.

सालेवाडीच्या वस्तीच्या कडेला, उंचवट्यावर, जोतं होतं. आणि त्यावर चौकट उभी होती. मागं भिंत नाही, वर छप्पर नाही. तिच्यातून पलीकडचं धुकं आणि एक पळस दिसत होता. इतक्या पाहण्या केल्या, पण रिकाम्या रानात नुसतं दार उभं बघितलं की मला अजून क्षणभर कळत नाही मी जागा आहे की नाही.

तानुबाई जोत्याच्या कडेला उभी होती. उंच, सावळी, शांत बाई. "जयभीम," म्हणाली, आणि मनकर्णाचा चेहरा बघून तिला सगळं उमगलं.

"सायेब, चौकट माजी न्हाई," ती म्हणाली. "खोटं बोलून घर नगं मला. म्या नगंच म्हनत व्हते. हिनंच गळ घातली."

"तुमची कुठं गेली?"

दोघी एकमेकींकडं बघत राहिल्या. मग मनकर्णा बोलली.

भादव्यात तिचा सासरा, सटवाजी, सालेवाडीच्या बाजूला रान बघायला आला होता. सून बरोबर होती. पाऊस धरला, ओढा चढला, आणि म्हाताऱ्याच्या छातीत कळ आली. तानुबाईच्या घरात, तिच्या अंथरुणावर तो गेला. झड लागलेली. ओढा ओलांडता येईना. अंगण, रान, गोठा, कुठंच कोरडं सरपण राहिलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी ठेवणं अशक्य झालं.

"माज्या घरात कोरडं लाकूड येकच व्हतं," तानुबाई म्हणाली. "आढ्याला बांधून ठेवल्याली चौकट. राधाकिशन हिकडंच अडकला व्हता. मी मनलं, फोडा."

"आत्याबाई पल्याडच्या काठावर," मनकर्णा म्हणाली. "तिथून धूर तेवढा दिसला त्यास्नी. पानी उतरल्यावर मी सांगितलं, कुनाच्या तरी खोपटातली बाभळ मिळाली. खरं कसं सांगू? धाकट्या जावंनं भाकर दिली वस्तीतल्या बाईला, तर भावकीनं महिनाभर बोलनं टाकलं व्हतं तिच्याशी. मामंजीच्या सरनाला तिकडचं लाकूड, हे कळलं आसतं तर आत्याबाईला जगू दिलं नसतं लोकांनी."

मी जोत्यावर बसलो. चोर सापडला होता आणि चोरीच नव्हती. एक चौकट आणि दोन घरं, आणि आजचा शेवटचा दिवस. दोन्हीकडं चौकट उभी दिसली, असं मी डोळे मिटून लिहून दिलं असतं तर कुणाला कळलं नसतं. पण आता मी जागा होतो, हीच अडचण. तीच चौकट दोनदा बघितली म्हणून लिहायची, तर पुढं कधी ते उघड झालं की दोघींचं घर जाणार, आणि लंकेतल्या दोघांवर डाग लागणार. एकीचं लिहायचं तर दुसरीचं बुडणार.

मी वर बघितलं तर ओढ्याकडून माणसं येत होती. पुढं आबासाहेब. ऊन अजून डोक्यावर आलं नव्हतं.

५

पण आबासाहेबांच्याही पुढं पार्वतीबाई होती. सुनेचा पाठलाग करतच आली होती ती. लुगड्याचा घोळ ओला झालेला, धाप लागलेली.

चौकट बघून आबासाहेबांचा चेहरा फुलला. "मनलं न्हवतं का?"

"तू गप," म्हातारी म्हणाली.

ती चौकटीपाशी गेली, हात फिरवला, कुंकू नाही ते बघितलं. मग वळून सुनेकडं बघितलं. मनकर्णानं सासूचे पाय धरले आणि तिथंच, सगळ्यांसमोर, सांगून टाकलं. लपवायचं काही राहिलं नव्हतं. बोलताना ती रडत नव्हती. आबासाहेबांबरोबर आलेली पोरं ऐकता ऐकता एकेक करून मागं सरली.

पार्वतीबाईनं चौकटीचा आधार घेतला. मला वाटलं, ही आता कोसळणार.

"वल्ल्या बाभळीचा धूर काळा आसतो," ती म्हणाली. "जड. पान्यावर लोळतो. त्या दिवशी मी काठावर उभी व्हते. धूर सरळ वर गेला. तवाच मला कळलं, कुनाचं तरी चांगलं लाकूड जळायलंय."

"आत्याबाई, मग तुमी इचारलं कामून न्हाई?"

"इचारलं आसतं तर फेडावं लागलं आसतं." तिनं तोंडावरून पदर फिरवला. "म्हनून न्हाई इचारलं. चार महिने झाले. रोज सांजच्याला दारात बसायची आन् मनायची, दुसऱ्या कुनाचं दार गेलं आसंल."

तानुबाई पुढं आली. "मावशी, फेडायचं न्हवतं काही. मानूस गेलं व्हतं."

"तुजं न्हवतं गेलं. माजं गेलं." म्हातारी चौकटीवरचा हात काढत नव्हती. "ही हितंच ऱ्हाऊ द्या. ही आता हिची. सुभेदार, तुमी लिवा, सालेवाडीला दार उभं हाय."

मी मग म्हणालो, "मावशी, मला कळलं. पण मग तुमचं? संध्याकाळपर्यंत उंबरटेकच्या जोत्यावर चौकट दिसली नाही, तर मुंजाजीचं घर गेलं. मी काही करू शकत नाही."

"नवीच पायजे का?"

मला आधी कळलंच नाही. मग मी मनातल्या मनात नियम वाचला. सागवानी. जोत्यावर. उभी. नवी, असं कुठं म्हटलेलं नव्हतं.

"नवी पाहिजे असं नाही," मी म्हणालो.

ती राधाकिशनकडं वळली. तोही या माणसांबरोबर आला होता आणि सगळ्यांच्या मागं मान खाली घालून उभा होता. "चल. माज्या घराची उचकट."

आबासाहेबांनी तोंड उघडलं. "काकू, राहत्या घराचं दार? थंडीचे दिस हायेत. कोल्हंकुत्रं शिरंल. लोक काय मनतील?"

"लोकास्नी दारात बसून इचार करा मनावं. दार न्हाईच, तर बसतील कुटं?" ती म्हणाली आणि ओढ्याकडं चालायलाही लागली.

तिचं राहतं घर मातीचं, दोन खणांचं. सटवाजीनं लग्नाआधी बांधलेलं. राधाकिशननं पहारीनं चौकट सैल केली तेव्हा आतली माती भुरुभुरू गळाली. म्हातारी बाजूला उभी राहून बघत होती, आणि तिचे ओठ हलत होते. ती नवरी होऊन याच दारातून आत आली होती, तेव्हाचं काहीतरी ती मनात म्हणत असावी. मला वाईट वाटलं. बघवेना, तरी मी मान वळवली नाही.

चौकट अस्सल सागवानी, जड निघाली. राधाकिशन एकटा उचलू शकत नव्हता. मनकर्णानं एक बाजू धरली. आणि मग, कुणी सांगितलं नसताना, आबासाहेबांनी तंबाखू थुंकली, धोतर खोचलं आणि दुसऱ्या बाजूला खांदा दिला. चेहरा फार त्रासलेला होता त्यांचा.

दिवस कलला तेव्हा ती जुनी चौकट नव्या जोत्यावर उभी होती. काळी पडलेली, एका बाजूला कुरतडलेली, आणि बुटकी. मी पाहणीला आत गेलो तर कपाळ आपटलं. फौजेत सहा फुटांचा माणूस म्हणून मिरवलेला मी, वाकून आत गेलो. आत आभाळ होतं आणि कडेला पाणी मारलेलं ओलं जोतं. मी दोन्ही घरांचं लिहून दिलं, जे बघितलं तेच.

निघताना पार्वतीबाई बसथांब्यापर्यंत आली. तिच्या घराला त्या रात्री दाराच्या जागी घोंगडी लावायची होती, पण तिला घाई नव्हती.

"सुभेदार, मुंजाजीला तुमी खबर धाडता न्हवं, दार बसलं म्हनून?"

"धाडतो."

"त्याला लिवा, दार बसलं. जुनं हाय, हे बी लिवा. नवं मनून ताठ चालत येईल आन् डोकं फोडून घेईल." ती थांबली. "आन् तानुबाईच्या मालकाला येगळं लिवा. मनावं, तुज्या दारातनं आमचा मानूस गेला. म्हातारीनं उशिरा इचारलं, पर इचारलं."

मी दोघांनाही लिहिलं. त्या दिवशी परतीच्या एसटीत मला झोप लागली नाही.